टेरेसवर अँटेनाचा मास्ट लावताय? कोटेशन देण्याआधी हा हिशेब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टेरेसवर वायरलेस अँटेनाचा मास्ट कसा उभा करतात ते पाहिलं. व्हिडिओत आकडे पडद्यावर फार वेळ ठेवता येत नाहीत, म्हणून सगळा हिशेब इथे सविस्तर देतोय. वही घेऊन बसा.

रायगडच्या किनाऱ्यावर हा धंदा वाढणारा आहे हे वेगळं सांगायला नको. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, जिथे बघाल तिथे लॉज, रिसॉर्ट, होमस्टे. प्रत्येक पाहुणा आल्या आल्या आधी वाय-फायचा पासवर्ड विचारतो. फायबर मुख्य रस्त्यापर्यंत येतं आणि वाडीच्या आत शिरत नाही. मग एका टेरेसवरून दुसऱ्या टेरेसवर ५ गिगाहर्ट्झची लिंक टाकायची. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेपासून या पट्ट्यातल्या ठरावीक भागात, ठरावीक पॉवरच्या मर्यादेत, लहरी वापरायला परवाना लागत नाही. मात्र लहरींना परवाना नको म्हणजे इंटरनेट विकायलाही नको, असा अर्थ काढू नका. इंटरनेट विकायचं तर परवानाधारक आयएसपीचे भागीदार व्हा, किंवा डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत पीडीओ म्हणून उतरा, तिथे लायसन्स लागत नाही. फक्त मास्ट आणि लिंक बसवून देण्याचं काम करणार असाल तर तुम्ही कंत्राटदार. आजचा लेख सगळ्यात जास्त तुमच्यासाठी आहे.

कारण रेडिओ कसा कॉन्फिगर करायचा हे शिकवणारे शेकडो व्हिडिओ आहेत. तो लावायचा ज्या पाइपवर, तो पाइप कशाला धरून उभा आहे, यावर कोणी बोलत नाही. आणि माणूस मरतो तो पाइप पडून, किंवा पाइप लावताना स्वतः पडून.

आधी वारा समजून घ्या

३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, माणगाव या भागात घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. मोबाइल नेटवर्क गेलं आणि कित्येक गावांत वीज यायला बरेच दिवस लागले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. म्हणजे ‘आपल्याकडे कुठे वादळं येतात’ हे वाक्य आता कोटेशनमध्ये चालणार नाही.

इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा, यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ८७५ भाग ३. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. आपण समुद्राच्या तोंडावरच आहोत, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर काम करताना मी हाच आकडा धरायला सांगतो.

आता सूत्र. वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रतिसेकंदमध्ये घ्यायचा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं, आणि ९.८ ने भागलं की किलो. ४४ च्या वेगाला दर चौरस मीटरवर ११८ किलो. वर्ग आहे हे लक्षात ठेवा. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. एरवी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात मास्ट हलत नाही, म्हणून तो वादळातही टिकेल असं समजणं चुकीचं, ते यामुळेच.

समजा, नागावातल्या एका दुमजली लॉजवर ६० सेंटिमीटरची भरीव डिश लावायची आहे. क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. डिशच्या आकारामुळे १.३ चा गुणक धरला, तर वादळात त्या डिशवर साधारण ४४ किलोचा आडवा जोर येतो. तीन मीटर उंच, दीड इंची जी.आय. पाइपवर वाऱ्याचा आणखी २० किलो.

४४ किलो ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? एक सिमेंटची गोणी ५० किलोची असते. पण हा जोर तीन मीटर उंचीवर लागतोय. पहार जितकी लांब तितका दगड सहज हलतो, तसंच हे. ४४ गुणिले ३, म्हणजे १३२. पाइपवरचा जोर मधोमध धरायचा, २० गुणिले दीड, म्हणजे ३० च्या आसपास. एकूण १६३. पाइपच्या बुडाला ही पिळवणूक सोसायची आहे. आणि गंमत बघा, दीड इंची मीडियम पाइप एवढं सोसूच शकत नाही. तणावे नसतील तर तीन मीटरचा तो पाइप बुडाशी वाकतो. तुमचे बोल्ट कितीही भारी असोत.

आता मास्ट अर्धा करा, दीड मीटर. डिशचे ६६, पाइपचे ८, एकूण ७४. उंची अर्धी केली, जोर निम्म्याहूनही कमी झाला. तोच पाइप आता आरामात उभा राहतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की मास्ट एवढा उंच हवाच कशाला? आपल्याकडे उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, मध्ये माडाची वाडी आहे. रेडिओची लाट दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, तिला मधे फुगीर जागा लागते. ५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध रेषेच्या चारी बाजूंना ८ मीटर, आणि त्यातली किमान ६० टक्के जागा मोकळी हवी. माड वीस-वीस मीटर वाढतात. त्यांच्यावरून जाण्यासाठी टेरेसवरचा मास्ट लांबवत नेणं ही हरलेली शर्यत आहे. दुसरी इमारत शोधा, जवळची. दोन टप्प्यांत लिंक टाका. जास्तीचा एक रेडिओ स्वस्त पडतो, सहा मीटरचा मास्ट नाही.

आणखी एक सोपा उपाय, भरीव डिशऐवजी जाळीची डिश किंवा लहान पॅनल वापरता येतो का ते पहा. वारा जाळीतून निघून जातो. लिंक एक-दोन किलोमीटरची असेल तर मोठी डिश ही बहुधा हौस असते.

मास्ट कशाला बांधायचा

कोकणातल्या टेरेसचा स्वभाव मुंबई-पुण्याच्या टेरेससारखा नाही. इथे पाऊस इतका, की गळतीला कंटाळून लोक अख्ख्या टेरेसवर पत्र्याची शेड घालतात. तुम्ही वर गेलात की मालक हमखास म्हणणार, “अरे भाऊ, शेडचा पाइप आहे ना तयार, त्यालाच क्लॅम्प मार. कशाला खर्च वाढवतोस?”

तुमचं उत्तर ठरलेलं असू द्या, “काका, वादळात आधी शेड जाते. माझा मास्ट तिच्याबरोबर जाईल, आणि खाली रस्ता आहे.”

शेड फॅब्रिकेटरने पत्रे धरण्यासाठी केलेली असते. तिच्यावर वाऱ्याचा स्वतःचाच भार भरपूर असतो, वरून तुमचा मास्ट तिला पहार लावल्यासारखा ओढतो. शेडच्या पाइपला मास्ट बांधायचा नाही. यात अपवाद नाही.

मग पॅरापेट? बहुतेक ठिकाणी पॅरापेट म्हणजे विटांची, जुन्या इमारतीत चिऱ्याची भिंत, वर प्लास्टर. एक्स्पान्शन बोल्ट काँक्रीटसाठी बनलेला असतो. तो विटेत किंवा जांभ्यात फुगवला की वीट फुटते, जांभा भुसभुशीत होतो. हाताने ओढून बघितलं तर घट्ट वाटतो, पण वारा महिनोन्महिने हलवत राहतो आणि भोक मोठं होत जातं. शिवाय अर्ध्या विटेची पॅरापेट अख्खीच्या अख्खी बाहेर पडू शकते.

चांगली जागा म्हणजे आरसीसी. जिन्यावरच्या खोलीचा किंवा लिफ्टच्या मशीन रूमचा कॉलम शोधा, त्यात केमिकल अँकर लावा. कॉलम मिळत नसेल आणि नऊ इंची भक्कम भिंत असेल, तर आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूला लोखंडी प्लेट. दोन क्लॅम्पमधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं. वरच्या उदाहरणातला तीन मीटरचा मास्ट घ्या. क्लॅम्प ६० सेंटिमीटर अंतरावर असतील तर वरच्या क्लॅम्पवर सुमारे ३४० किलो येतात, तेच एक मीटर अंतर ठेवलं की सव्वादोनशे. एकही रुपया न घालता शंभराच्या वर किलो कमी झाले. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण तुम्हाला माहीत हवं.

स्लॅबमध्ये मात्र भोक पाडू नका. खाली ब्रिकबॅट कोबा आणि वॉटरप्रूफिंग असतं. जूनमध्ये खालच्या खोलीत पाणी टपकलं, की कारण कुठलंही असो, मालक तुमच्या चार बोल्टकडेच बोट दाखवणार.

मग अनेक जण दुसरा मार्ग धरतात, वजनावर उभा राहणारा स्टँड. बँकांच्या टेरेसवर व्हीसॅटची डिश असते ना, खाली लोखंडी चौकट आणि त्यावर काँक्रीटचे ब्लॉक, तसा. पद्धत छान आहे, भोक पाडावं लागत नाही. पण वजन किती ठेवायचं, हे सांगणारे कमीच भेटतात. १.२ मीटर बाय १.२ मीटरची चौकट घ्या. उलटायचं झालं तर ती एका कडेवर उलटणार, म्हणजे मधल्यापासून ०.६ मीटर. तीन मीटरच्या मास्टसाठी १६३ भागिले ०.६, येतात २७२ किलो. त्यावर सुरक्षेसाठी दीडपट. झाले ४०० किलो. चार इंची भरीव ब्लॉक सुमारे १७ ते १८ किलोचा, म्हणजे तेवीस ब्लॉक.

आता हे ४०० किलो टेकलेत कशावर? १.४४ चौरस मीटर स्लॅबवर, म्हणजे दर चौरस मीटरला २८० किलोच्या आसपास. ये-जा असलेल्या टेरेससाठी मानकात भार धरलेला असतो दर चौरस मीटरला साधारण १५० किलो. जिथे ये-जा नसते त्या छताला त्याच्याही निम्मा. म्हणजे वाऱ्यापासून मास्ट वाचवायला गेलात आणि खारट हवेत सळ्या गंजलेल्या जुन्या स्लॅबवर जवळपास दुप्पट ओझं ठेवलंत. तेच दीड मीटरच्या मास्टला १८५ किलो पुरतात, दर चौरस मीटरला १२८. बसलं की नाही हिशेबात? उंची कमी केल्याचा फायदा पुन्हा इथे.

एक स्पष्ट सांगतो. हे आकडे कोटेशन देण्यापुरते, काम आपल्या आवाक्यातलं आहे का ते ओळखण्यापुरते आहेत. मास्ट तीन मीटरच्या वर जात असेल, एकापेक्षा जास्त डिश असतील किंवा इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या आणि त्याची फी कोटेशनमध्ये वेगळी दाखवा. ही फी बघून काही गिऱ्हाइकं पळतील. पळू द्या. उरण-पनवेल पट्ट्यात विमानतळामुळे उंचीवर निर्बंध आहेत, तिथे उंच मास्टचा विषय असेल तर ती चौकशीही आधीच करा.

खारी हवा आणि वीज

गंजाबद्दल थोडक्यात. पाइप आणि क्लॅम्प हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या. चांदीसारखा रंग मारलेला काळा पाइप दोन पावसाळ्यांत बोलू लागतो. कापलेलं टोक आणि पाडलेलं भोक यांना झिंकचा रंग लावायला विसरू नका, गंज तिथूनच शिरतो. नट-बोल्ट स्टेनलेसचे असतील तर समुद्राजवळ ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड टिकतो. पाइपच्या वरच्या तोंडाला टोपी घाला, नाहीतर आत पाणी साचून पाइप आतून कुजतो आणि बाहेरून ठणठणीत दिसत राहतो.

आकाशातल्या विजेचं काम जास्त नाजूक आहे. कोकणात कडकडाट मुख्यतः मे-जूनमध्ये पाऊस सुरू होताना आणि ऑक्टोबरमध्ये परतताना. टेरेसवर सगळ्यात उंच धातू तुम्ही उभा केलाय, म्हणजे त्याला जमिनीपर्यंत रस्ता द्यायची जबाबदारी तुमची. इमारतीला आधीच वीजरोधक असेल तर मास्ट त्याला जोडा. नसेल तर मास्टपासून जी.आय. पट्टी शक्य तितकी सरळ, बाहेरच्या भिंतीवरून, खाली अर्थ पिटपर्यंत. दहा ओहमच्या खाली आणायचं लक्ष्य ठेवा. जांभ्याच्या जमिनीत हे सोपं नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही, म्हणून माप मे महिन्यात घ्या. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीवर घेतलेलं माप दिलासा देतं, पण फसवं असतं.

आणि हे नीट वाचा. तुमचा नवा अर्थ पिट इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेला हवा. दोन वेगळे राहिले तर वीज पडल्यावर दोघांमध्ये प्रचंड फरक तयार होतो आणि तो तुमच्या नेटवर्क केबलमधून वाट काढतो. स्विच, राउटर, कधी काउंटरवरचा कॉम्प्युटरही जातो. हे जोडकाम लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि केबल घरात शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर बसवा.

महावितरणच्या तारांचं तर बोलायलाच नको. बाजारपेठेतल्या इमारतींच्या अगदी बाजूने ११ केव्हीची लाइन जाते. मास्ट उभा करताना तो कुठल्याही दिशेला पडू शकतो असं धरा. माझा नियम साधा आहे, तारांपासून मास्टच्या लांबीपेक्षा आणखी किमान तीन मीटर अंतर. तेवढं नसेल तर जागा बदला. उभा जी.आय. पाइप हातात धरून दोघे जण टेरेसच्या कडेला चालताहेत, हे दृश्य मला कुठेही दिसलं की पोटात गोळा येतो.

चढणारा माणूस

तुमचा हेल्पर बहुतेक वेळा गावातला अठरा-वीस वर्षांचा मुलगा असतो, तुम्हाला दादा म्हणणारा. तुम्ही सांगाल तिथे तो चढतो. म्हणून काय सांगायचं नाही, हे तुम्हाला पक्कं हवं.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायला सांगायचं नाही. गोडाऊन, बर्फ कारखाने, जुनी दुकानं, सगळीकडे हे पत्रे आहेत. उन्हापावसाने ते ठिसूळ होतात आणि काही कळायच्या आत माणूस खाली. पत्र्याखालच्या वाशांवर आडव्या फळ्या टाका, हार्नेसची दोरी वेगळ्या भक्कम जागी बांधा, किंवा शिडी लावून बाजूच्या भिंतीवर काम करा. हार्नेस पूर्ण शरीराचा हवा, नुसता कमरेचा पट्टा नको. आणि तो ज्या मास्टवर काम चाललंय त्याच मास्टला अडकवायचा नाही. हसू नका, रोज होतं.

पावसाळ्यात टेरेसवर शेवाळ असतं. आधी ब्रश मारून जागा साफ करा, मग पाइप उचला. डिश वर न्यायचं काम सकाळी उरका. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो, आणि हातातली डिश शिडासारखी वागते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की काम थांबवून खाली, मग एकच नट पिळायचा राहिलेला का असेना. खाली रस्त्याच्या बाजूला दोरी बांधून एक माणूस उभा करा. स्पॅनर हातातून सुटतोच.

हे सगळं कोटेशनमध्ये कसं बसवायचं

नवीन मुलं कोटेशनमध्ये रेडिओची किंमत लिहितात आणि खाली एक ओळ, ‘फिटिंगसहित’. तिथेच धंदा बुडतो. फिटिंगमध्ये काय आलं हे गिऱ्हाइकाला माहीत नाही, मग शेजारचा फिटिंग फुकट देतो आणि तुम्ही महाग वाटता. त्याऐवजी पाहणीची फी वेगळी घ्या, काम मिळालं तर ती बिलातून वजा करा. पुढे ओळी मोकळ्या करा, मास्ट आणि क्लॅम्प, अँकर किंवा ब्लॉक, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर, हार्नेससह दोन माणसांची मजुरी. शेजाऱ्याच्या कोटेशनमध्ये यातलं काय नाही, हे गिऱ्हाईक आपोआप विचारतं.

मालकाशी लेखी करार करा. टेरेसवर कधीही जाता येईल का, किल्ली कोणाकडे, पुढे शेड घालायची झाली तर मास्ट कोणाच्या खर्चाने हलवायचा, वीज कोणाच्या मीटरवर. सोसायटी असेल तर कमिटीच्या ठरावाची प्रत. कामगारांसाठी वर्कमेन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीची पॉलिसी, दोन्ही घ्या. हप्ता कामाच्या आकारावर ठरतो, एजंटला विचारा आणि तो वर्षाच्या कामांवर वाटून टाका.

वर्षभराच्या देखभालीचा करार शक्यतो सुटू देऊ नका. दोन फेऱ्या, एक मे महिन्यात पावसाआधी, एक ऑक्टोबरनंतर. प्रत्येक फेरीत यू-बोल्ट पिळून बघायचे, गंज घासून झिंक लावायचं, तणावे ताणायचे, अर्थिंगचं माप वहीत लिहायचं, जागेचे फोटो काढायचे. फोटो तारखेसह जपून ठेवा. उद्या वाद झाला तर तुमच्या बाजूने तेच बोलतील.

त्या करारात एक कलम नक्की टाका. हवामान खात्याने जिल्ह्याला चक्रीवादळाचा इशारा दिला की तुम्ही डिश उतरवणार, लिंक तेवढा वेळ बंद राहणार, आणि त्या बंद काळाबद्दल मालक पैसे कापणार नाही. निसर्गच्या वेळी इशारा आधी मिळाला होता. डिश उतरवायला एका टेरेसला एक तास लागतो. तुमच्याकडे वीस टेरेस असतील तर दोन माणसं आणि एक स्कूटर घेऊन ते एका दिवसात उरकणारं काम नाही, म्हणजे यादी, किल्ल्या आणि मालकांचे फोन नंबर आधीच एका कागदावर हवेत. समुद्राच्या सगळ्यात जवळची टेरेस यादीत पहिली लिहा.